स्मृतिवर्धन, गृह संगणकातील

ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्च कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा गृह संगणक १६ व ४८ किलोबाइट स्मृतीच्या दोन प्रकारांत मिळे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने त्याच दशकात ‘डीबी स्पेक्ट्रम’ ही त्याची भारतीय आवृत्ती काढली. लहान प्रकाराची स्मृती वाढविण्यासाठी आठ स्मृति-चिप व चार तर्क-चिप बसवीत. काटकसर म्हणून अर्धाच भाग निर्दोष असलेल्या ६४ किलोबिट चिपही यासाठी वापरल्या जात. तेव्हा आठही चिपांचा निर्दोष भाग एकच असावा लागतो व जोडतार त्यानुसार लावावी लागते. प्रत्येक चिप बाइटमधील एकच बिट साठविते.

संगणक सुरू होताना स्मृतीची तपासणी होऊन तिचा अखेरचा पत्ता २३७३२ व २३७३३ या पत्त्यांवर नोंदला जातो. तो ३२७६७ असल्यास वाढीव स्मृती ओळखली गेलेली नसते, ६५५३५ असल्यास ओळखली गेलेली असते. मात्र यावर विसंबणे योग्य नव्हे. या तपासणीत प्रत्येक पत्त्यावर २ लिहून तो अंक दोनदा एकेकाने कमी केला जातो. त्यामुळे वरच्या सहांपैकी एखादा बिट कायम शून्य राहत असला, तरी दोष लपून राहतो व कार्यक्रम मध्येच बिघडतात. म्हणून ३२७६८ पासूनच्या पत्त्यांवर २५५ लिहून पुन्हा वाचावे. २५१ आल्यास ४ मूल्याच्या बिटाची चिप किंवा तिचा सांधा सदोष असतो. सांधा आधी तपासावा.