दोन बादल्यांचा दिवस

पहाटे ४.५०
गिरणीच्या दाराशी सहा बायका उभ्या आहेत. प्रत्येकीच्या पायाशी प्लास्टिकची बादली, वर ओला फडका. मी ज्यांच्या खाण्याच्या गाळ्यावर दिवस काढतोय, त्या बाईंच्या बादल्या दोन. दक्षिण मेक्सिकोतलं हे वाहाका शहर. उंचावर असल्यामुळे पहाटे स्वेटर लागतो. बादल्यांत काल रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून ठेवलेला मका आहे, निक्स्तामाल. सुका होता तेव्हा आठ किलो, आता फुगून पंधराच्या घरात गेलाय.

गिरणी थेट आपल्याकडच्यासारखी. तोच पट्टा, तीच मोटर, तसाच कानठळ्या बसवणारा आवाज. फक्त दळण ओलं. दगड ज्वालामुखीच्या खडकाचे. आपल्याकडे जात्याला टाकी लावतात तशी यांनाही लावावी लागते, नाहीतर मका दळला न जाता नुसता चेंगरतो. गिरणीवाला पाण्याची धार थेंबावर आणतो. खालून कोमट, पिवळसर गोळा घरंगळत बाहेर येतो. बाई चिमूटभर उचलून अंगठ्याने घासून बघतात.

"अजून बारीक."

तो कुरकुरतो, पण चाक अर्धा आटा पिळतो. दळणाचे चाळीस पेसो. एक पेसो म्हणजे साधारण पाच रुपये धरा.

या पिठाला स्पॅनिशमध्ये 'मासा' म्हणतात. "दिवसभर मासा खातोय," असं मी घरी फोनवर सांगितलं, तेव्हा आईला वाटलं मी मासळीबाजारात मुक्काम ठोकलाय.

६.१५
'वीस नोव्हेंबर' मंडई. १९१० च्या क्रांतीची तारीख हेच तिचं नाव. आत खाण्याचे गाळेच गाळे. एका बाजूच्या बोळात कोळशावर मांस भाजतात, त्या धुराचा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही. बाईंचा गाळा बोळापासून लांब आहे. समोर एक बाकडं, दाटीवाटीने आठ माणसं बसतील इतकं.

पहिलं काम कोमालचं. कोमाल म्हणजे तवा. हा लाल मातीचा, सान मार्कोस त्लापासोला गावच्या कुंभारणींनी घडवलेला. खाली गॅस. तापायच्या आधी बाई फडक्याने त्यावर चुन्याची निवळी फिरवतात. पांढरा थर बसला की पीठ चिकटत नाही. तवा दोन-चार महिन्यांत तडकतोच. मग नवा. लोखंडी का घेत नाही, असं मी विचारलं. कडेला ठेवलेला लोखंडी तवा त्यांनी दाखवला. "तो अंड्यांसाठी."

७.०५
पहिलं गिऱ्हाईक ढकलगाडीवाला हमाल. तो काही मागत नाही, नुसता बसतो. त्याला काय लागतं ते बाईंना ठाऊक आहे. दोन मेमेला आणि मक्याची गरम पेज, आतोले.

मेमेला कशी होते ते मी शंभरदा पाहिलं असेल. लिंबापेक्षा मोठा गोळा तळहातावर थापायचा. भाकरीपेक्षा लहान, पण जाड. कोमालवर टाकायचा, एकदा उलटायचा. खरं काम यापुढे आहे. चटका बसेल इतकी गरम असतानाच ती उचलायची आणि चिमटे काढत चारी बाजूंनी काठ उभा करायचा, पणतीला असतो तसा. मग आसिएंतो. डुकराची चरबी कढवल्यावर भांड्याच्या तळाशी उरते ती तपकिरी खरवड. त्यावर वाटलेला काळा घेवडा, वर चीज. काठ उभा नसेल तर चरबी ओघळून तव्यावर जाते आणि धूर होतो. बाईंच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. त्यांचा फोन त्या बोटांना उघडत नाही, अंगठा लावावा लागतो.

एक मेमेला पंचवीस पेसो.

मी शाकाहारी म्हणून पहिल्या दिवशी आसिएंतोशिवाय मागितली होती. बाईंनी केली, समोर ठेवली आणि म्हणाल्या, "मग चव कशाची येणार?" तिसऱ्या दिवशी मी शरण गेलो.

९.३०
भाची येते. बाईंना 'तिया' म्हणते. मावशी काय, आत्या काय, इथे शब्द एकच. २०२५ साली मेक्सिकोत किमान रोजंदारी २७८ पेसो ८० सेंताव्हो होती. भाचीला २८० मिळतात, वर दोन वेळचं जेवण. ताटल्यांना प्लास्टिकची पिशवी चढवणं तिचं काम. गिऱ्हाईक उठलं की पिशवी काढायची, नवी घालायची, ताटली धुवायची गरज नाही. मंडईत पाणी मिळतं, पण तिथवर जाऊन यायला वेळ कुणाला आहे?

११.४०
गर्दी. "पासेले, ग्वेरो!" असं भाची ओरडते. या, बसा. ग्वेरो म्हणजे गोरा. मी काळासावळा, शेजारचा हमाल माझ्याहून काळा, पण बाजारात सगळेच ग्वेरो. आपल्याकडे प्रत्येक गिऱ्हाईक 'साहेब' असतं, तसंच.

दोन परदेशी पोरी प्रत्येक गोष्टीचा फोटो काढतात आणि एकच मेमेला दोघींत खातात. जाताना पाचशेची नोट पुढे करतात. भाची ती घेऊन तीन गाळे फिरते. या सगळ्यात बाकड्यावरच्या दोन जागा वीस मिनिटं अडलेल्या. बाई तोंडाने काही बोलत नाहीत, पिठावरचा फडका तेवढा जोरात झटकतात.

१.३०
बाई उभ्याच आहेत. सकाळपासून बसलेल्या मी पाहिल्या नाहीत. पीठ सुकायला लागलंय. थापताना काठाला भेगा पडतात. बाई पाण्याचा हबका मारून पुन्हा मळतात. ओला फडका पिळून पुन्हा घालतात. एक बादली संपली, दुसरी निम्म्यावर आली.

शेजारच्या गाळ्यात कोरड्या पिठाची पिशवी वापरतात. पाणी घातलं की गोळा तयार. त्यांना पहाटेची गिरणी नाही, रात्रीचं शिजवणं नाही, आंबण्याची धास्ती नाही. भाव तोच, पंचवीस. गर्दीही कमी नाही. त्या पिठाच्या मेमेलाला मला पुठ्ठ्याचा वास येतो. पण मला काही रोज पहाटे उठून गिरणी गाठावी लागत नाही, तेव्हा मी कोण बोलणार.

३.२०
पिठाला हलका आंबूस वास यायला लागला. आता थापणं बंद. उरलं ते भाची घेते, सुपारीएवढ्या गोळ्या वळते आणि प्रत्येकीत अंगठ्याने खळगा पाडते. हे चोचोयोते. घेवड्याच्या रश्शात शिजवायचे. आपल्या मुटक्यांचीच जात. रात्रीचं घरचं जेवण यातून निघतं.

यापुढे फक्त त्लायुदा. ती मोठी, पातळ, आधीच भाजून कडक केलेली पोळी. बाई ती बाहेरून विकत आणतात. दुपारी शिळी होत नाही, कारण ती मुळात वाळकीच असते.

५.१०
हिशेब वहीत नाही, एप्रनच्या दोन खिशांत. डाव्या खिशातले पैसे उद्याच्या सामानाचे. मका, चीज, आसिएंतो, गॅस. त्यातच बाजारपट्टीचे तीस. भाचीचे वेगळे मोजून तिच्या हातात. उजव्या खिशात उरलं ते बाईंचं. त्यांनी आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही. मेमेलाचे तीस का करत नाही, एवढं विचारलं.

"तीस केले तर हमाल एकच खाईल."

रात्री ८.१५
घर शहराच्या कडेला. अंगणात चूल, वर ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं. आठ किलो मका निवडून झाला. चुन्याचं माप मूठ. किलोला दहाएक ग्रॅम बसत असेल. पाणी लगेच पिवळं होतं आणि वास येतो तो थेट पावसाआधी रंगवलेल्या भिंतीचा.

हा मका युरोपने नेला, चुना मात्र इथेच राहिला. चुन्याशिवाय मक्यातलं नायसिन अंगी लागत नाही. १७३५ मध्ये स्पेनमधल्या एका वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा कातडी सोलणारा रोग नोंदवला. तोच पुढे पेलाग्रा म्हणून ओळखला गेला. बाईंना मी हे मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं. त्यांनी एक दाणा उचलला, नखाने साल ओढली. साल सुटली. "झालं," म्हणाल्या आणि चूल विझवली. पातेल्यावर झाकण, झाकणावर वीट. मांजर आहे.

वाहाकाला गेलात तर मंडईत अकराच्या आत पोचा, तेव्हा पीठ ताजं असतं. तीननंतर मेमेला मागू नका, त्लायुदा मागा. आणि पाचशेची नोट आधी कुठेतरी मोडून घ्या.