म्हैसूरची प्रजाप्रतिनिधी सभा आणि आरोग्यखर्चाची विचारणा

सभागृहाच्या नियंत्रणाची दोन अंगे सहसा एका दमात उल्लेखिली जातात : सरकारला खर्चाविषयी जाब विचारणे, आणि तो खर्च मंजूर करणे वा नाकारणे. इतिहासात मात्र ही दोन्ही पुष्कळदा वेगवेगळी नांदली आहेत. सार्वजनिक आरोग्याच्या संदर्भात हा भेद म्हैसूर संस्थानात विशेष ठळकपणे दिसतो.

पन्नास वर्षांच्या इंग्रजी अंमलानंतर १८८१ मध्ये संस्थान वाडियार घराण्याकडे परत आले आणि त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा स्थापिली. दसऱ्याला जोडून भरलेल्या पहिल्या बैठकीस १४४ सभासद होते. दिवाणांनी वर्षाचा जमाखर्च वाचून दाखवावा आणि सभासदांनी आपापल्या तालुक्याची गाऱ्हाणी मांडावीत, असा रिवाज पडला. दवाखाना मागता येई. तो न मिळाल्यास दुसरा कोणताही खर्च अडवून धरता येत नसे. दरबारातील अर्जाचेच हे सुधारलेले रूप होते, असे म्हटल्यास फारसा अन्याय होणार नाही. तथापि ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळांत अंदाजपत्रकावर चर्चा करण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने आला, आणि तोही मतदानाविना, हे ध्यानात घेतले म्हणजे १८८१ मधील त्या जाहीर वाचनाचे मोल कळते.

या व्यवस्थेची कसोटी प्लेगने पाहिली. मुंबई इलाख्यासाठी उगारलेला साथरोग कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळाने घाईने संमत केला. सद्‌भावनेने वागलेल्या अधिकाऱ्यावर दावा चालू नये, अशी तरतूदही त्यात होती. पुण्यात त्याची परिणती काय झाली हे मराठी वाचकास सांगावयास नको. १८९८ मध्ये साथ म्हैसूर संस्थानात पोहोचली, तेव्हा प्लेग कमिशनर म्हणून नेमणूक झाली ती व्ही. पी. माधवराव यांची. कुंभकोणम येथे जन्मलेल्या या गृहस्थांच्या आद्याक्षरांतील ‘पी’ म्हणजे पाटणकर. तंजावरच्या बाजूस स्थिरावलेल्या मराठी देशस्थ परंपरेतील ते होते. पुढे १९०६ मध्ये तेच म्हैसूरचे दिवाण झाले आणि १९०७ मध्ये त्यांच्याच कारकीर्दीत विधिपरिषद अस्तित्वात आली. परंतु दुसऱ्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याच दिवाणांच्या काळात वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा कायदाही झाला. सभागृहात प्रश्नाला वाट द्यावयाची आणि सभागृहाबाहेर त्याचे तोंड बांधावयाचे, असा हा प्रकार होता. ज्या विचारणेला बाहेरून माहिती पुरविणारे कोणी नाही, ती विचारणा उत्तर देणाऱ्याच्या मर्जीवर चालते.

१९२३ च्या सुधारणांनी विधिपरिषदेस अनुदानाच्या मागण्यांवर मतदानाचा अधिकार मिळाला, तरी अखेरचा शब्द सरकारचाच राहिला. म्हणूनच ११ जून १९३० ची घटना बोलकी आहे. त्या दिवशी म्हैसूर सरकारने संस्थानातील चार प्रमुख रुग्णालयांत संततिनियमनाची केंद्रे उघडण्याचा हुकूम काढला. सरकारने स्वतः चालविलेली अशी केंद्रे तोवर जगात अन्यत्र नव्हती, असे सामान्यतः मानले जाते. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे हेच काम १९२१ पासून पदरमोड करून करीत होते आणि त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली होती. म्हैसुरात तेच एका हुकुमाने साधले.

याच्या उलट चित्र मुंबईचे. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. त्यामागील भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्ध केलेले होते. निवडून आलेल्या सभागृहाने तो ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला. एवढ्यावरून सुज्ञ दिवाण बरा आणि सभागृह अडाणी, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. हुकुमाने आलेली सोय हुकुमाने जाऊही शकते आणि ती का गेली हे कोणी सांगण्यास बांधलेला नसतो. मुंबईतील पराभव मात्र कामकाजाच्या खंडांत नोंदला गेला; कोण काय बोलले आणि कोणत्या कारणाने विरोध केला, हे आजही वाचता येते.

स्वतंत्र भारताच्या संसदेला दोन्ही अधिकार आहेत. पण त्यांची फारकत पुरती मिटलेली नाही. १९९३ पासून विभागवार स्थायी समित्या मंत्रालयांच्या अनुदान-मागण्या तपासतात. आरोग्य व कुटुंब कल्याण समिती सचिवांना पाचारण करते, न खर्चिलेल्या रकमांची कारणे विचारते. मात्र तिच्या शिफारशी बंधनकारक नसतात आणि तिच्या अहवालात कपातसूचनेच्या स्वरूपाचे काही सुचवू नये, असा नियमच आहे. कपातसूचना मांडावयाची ती लोकसभेत. तेथे बहुसंख्य मंत्रालयांच्या मागण्या अखेरच्या दिवशी चर्चेवाचून एकत्रित मताला टाकल्या जातात. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरातील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या पैशावर चालते. ज्या वर्षी त्या मंत्रालयाची मागणी चर्चेविना संमत होते, त्या वर्षी या संस्थेच्या अनुदानाचा आकडा मंजुरीपूर्वी बारकाईने पाहणारे संसदेतील डोळे या समितीचेच असतात.