राइट : उजवा, बरोबर की हक्क?

आपल्या घरांत दिवसभर जे इंग्रजी शब्द ऐकू येतात, त्यांत 'राइट' हा शब्द बराच वर लागेल. रिक्षावाल्याला आपण 'पुढून राइट घ्या' म्हणतो. शिकवणीहून आलेली मुलगी सांगते, "अब्बा, दहापैकी नऊ राइट आले." फोनवर समोरच्याचे म्हणणे पटले की आपण 'राइट, राइट' म्हणत होकार भरतो. आणि भावंडांत भांडण जुंपले की एखादा ठणकावतो, "हा माझा राइट आहे!" शब्द एकच, पण चार ठिकाणी त्याचे काम वेगळे. पहिल्या ठिकाणी दिशा, दुसऱ्या ठिकाणी अचूकपणा, तिसऱ्या ठिकाणी होकार आणि चौथ्या ठिकाणी हक्क.

एकाच शब्दाच्या पोटात इतके अर्थ कसे मावले, ते आपण पाहू. मुलांच्या इंग्रजीला त्याचा उपयोग होईलच. पण या शब्दाचा माग काढत गेलो की आपण थेट आपल्याच घरातल्या एका व्यवहारापाशी येऊन पोहोचतो, म्हणून हा खटाटोप.

सरळ आणि वाकडे

'राइट' हा फार जुना शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी 'सरळ' हा अर्थ आहे. लॅटिनमधला 'रेक्टस', म्हणजे सरळ, हा त्याचाच भाऊबंद. जे सरळ ते योग्य, जे योग्य ते न्याय्य, आणि न्यायाने ज्याचे जे ठरते तो त्याचा हक्क, अशा पायऱ्यांनी अर्थ वाढत गेला. याच्या उलट 'राँग' हा शब्द. आज आपण त्याचा अर्थ 'चूक' असा करतो, पण मुळात त्याचा अर्थ होता वाकडे, पिळवटलेले.

मग उजव्या हाताला हा शब्द कसा लागला? बहुतेक माणसांचा उजवा हात जास्त चालतो, म्हणून तो 'योग्य' हात ठरला. डाव्यासाठी असलेला 'लेफ्ट' हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या 'दुबळा' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हे काही इंग्रजांचेच वैशिष्ट्य नाही. आपल्यापैकी ज्या घरांत उर्दू किंवा दखनी बोलली जाते, तिथे मुलांना 'सीधे हाथ से खाओ' असेच सांगतात. 'सीधा' म्हणजे सरळ आणि 'सीधा' म्हणजे उजवाही. दुसरा हात तो 'उलटा'. नमाजच्या प्रत्येक रकातीत आपण ज्या 'सिराते मुस्तकीम'ची दुआ मागतो, तोही सरळ मार्गच. सरळ म्हणजे बरोबर, ही समजूत अनेक भाषांनी आपापल्या परीने जपलेली आहे.

भूमितीतला 'राइट अँगल'ही याच मुळातून आला. ९० अंशांत उभी राहिलेली रेष कुठेच कलत नाही, म्हणून तो 'राइट'. मराठी शाळेतली मुले त्याला काटकोन म्हणतात. उर्दू शाळेतली मुले 'जाविया कायमा' म्हणतात, म्हणजे ताठ उभा असलेला कोन.

समानार्थी, पण एक नव्हेत

शब्दकोशात 'राइट'च्या पुढे करेक्ट, ट्रू, प्रॉपर, फेअर, जस्ट अशी रांग दिसते. मुले ती पाठ करतात आणि कुठलाही शब्द कुठेही घालतात. फरक एका उदाहरणाने कळेल. दुकानदाराने बिलाची बेरीज अचूक केली, तर हिशेब 'करेक्ट' झाला. त्याने सांगितलेला भाव खराच बाजारभाव असेल, तर ते सांगणे 'ट्रू' झाले. रीतसर पावती दिली, तर व्यवहार 'प्रॉपर' झाला. ओळखीच्या आणि अनोळखी गिऱ्हाइकाला एकच भाव लावला, तर तो 'फेअर'. मालात खोट निघाली आणि त्याने पैसे परत केले, तर ते 'जस्ट', न्यायाला धरून. एवढे सगळे साधले, तर तो दुकानदार 'राइट' वागला असे म्हणता येईल. उलट बेरीज अचूक आणि वजनात मात्र काटा मारलेला, तर हिशेब 'करेक्ट' असूनही तो 'राइट' नव्हे.

याखेरीज या शब्दाची किरकोळ कामेही पुष्कळ आहेत. 'राइट नाऊ' म्हणजे आत्ताच्या आत्ता, 'राइट हिअर' म्हणजे अगदी इथेच, 'ऑल राइट' म्हणजे ठीक आहे. राजकारणातले 'राइट' म्हणजे उजवे. हा शब्द १७८९ सालच्या फ्रेंच राज्यक्रांतीतून आला. तिथल्या सभेत राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, एवढाच त्याचा उगम.

उच्चारांचा एक घोळही मुलांना समजावून द्यावा. लिहिणे या अर्थाचा 'राइट', धार्मिक विधी या अर्थाचा 'राइट' आणि कारागीर या अर्थाचा जुना 'राइट', हे तिन्ही आपल्या 'राइट'सारखेच बोलले जातात. देवनागरीत ते चारही सारखेच दिसतात, इंग्रजीत मात्र चौघांचे स्पेलिंग निराळे. नाटककाराला 'प्लेराइट' म्हणतात, त्यातला 'राइट' लिहिणारा नसून घडवणारा कारागीर आहे. भल्याभल्यांचे स्पेलिंग इथे चुकते.

हक्क आणि अधिकार

आता चौथ्या अर्थाकडे येऊ. मराठीत त्याला दोन शब्द आहेत, हक्क आणि अधिकार. कायद्यांच्या नावांतही दोन्ही दिसतात. २००५ सालचा कायदा 'माहितीचा अधिकार' म्हणून ओळखला जातो, तर ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी २००९ साली झालेला कायदा शिक्षणाचा 'हक्क' देतो. 'अधिकारा'ला सत्तेचाही वास आहे, त्यावरूनच 'अधिकारी' झाला. 'हक्का'ला सत्ता लागत नाही. अगदी दुबळ्या माणसाचाही हक्क असतो.

हा 'राइट' नेमका कोणाचा, यावरूनही जगाने वाद घातला आहे. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात आधी 'ऑल मेन' असे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी आग्रह धरला आणि तिथे 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' असे शब्द आले. 'मेन' म्हटले की बायका वगळण्याची सोय राहते, हे त्यांनी ओळखले होते.

'हक्क' हा मराठी शब्द मूळचा अरबी, 'हक'. नाहक, हकनाक, हकीकत, हक्कदार हे सगळे त्याच कुळातले आणि आज अस्सल मराठी होऊन बसलेले. अरबीत 'हक' म्हणजे सत्य, आणि 'हक' म्हणजे ज्याचे जे देणे लागते तेही. इंग्रजीतल्या 'राइट'सारखाच हा शब्दही खरेपणा आणि हक्क एकत्र सांभाळतो. आपल्या बोलण्यात मात्र त्याला आणखी एक बाजू आहे. 'माझा राइट' म्हणताना बोट स्वतःकडे असते. आपण हुकूकुल इबाद म्हणतो, तेव्हा प्रश्न उलटा असतो, माझ्यावर कोणाकोणाचा हक आहे? आईवडिलांचा, पत्नीचा, मुलांचा, शेजाऱ्याचा, मजुराचा. आणि बहिणीचा.

हक्कसोड कोणासाठी?

इथे आपण त्या घरगुती व्यवहारापाशी आलो. वडील गेले की काही दिवसांत वारसांची नोंद करायची वेळ येते आणि त्याबरोबर एक कागद पुढे येतो, हक्कसोडपत्र. बहिणीला माहेरी बोलावले जाते, जेवणखाण होते आणि "इथे सही कर, फक्त कागदोपत्री आहे" असे सांगितले जाते. तिचा वाटा किती, हे तिला कोणी सांगत नाही. विचारले तर माहेर तुटेल ही भीती तिला असते, म्हणून ती विचारत नाही.

खरे तर हिशेब अवघड नाही. कुरआनच्या सूरह निसामध्ये वाटे ठरवून दिलेले आहेत. दफनविधीचा खर्च, कर्ज आणि एक तृतीयांशापर्यंतची वसीयत वजा झाल्यावर वाटणी होते. समजा, मागे पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली आहेत आणि मयताचे आईवडील हयात नाहीत. मिळकतीचे ३२ भाग केले, तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे ४, मुलाला १४ आणि प्रत्येक मुलीला ७ भाग येतात. हे ७ भाग भावाची मेहेरबानी नव्हे. इंग्रजीत 'राइट' आणि 'फेव्हर' हे वेगळे शब्द आहेत ते याचसाठी.

यावर नेहमीचे उत्तर येते, "तिच्या लग्नात इतका खर्च केला की!" मराठीत लग्न लावून देण्याला 'मुलगी उजवणे' असा जुना शब्द आहे. मुलगी उजवली म्हणजे तिचा हक फिटला, असा मात्र त्याचा अर्थ होत नाही. मांडव, जेवणावळ आणि जहेज यांचा खर्च वारशाच्या हिशेबात कुठेच बसत नाही. मेहर तर पतीने द्यायची असते, त्याचा वडिलांच्या मिळकतीशी संबंधच नाही. आणि वडील हयात असतानाच मुलीची सही घेऊन ठेवायची म्हटले, तर त्या दिवशी तिचा वारसाहक्क निर्माणच झालेला नसतो. मग ती सोडणार काय?

बहिणीने राजीखुशीने आपला वाटा भावाला द्यायला हरकत नाही. पण देणे तेव्हाच खरे, जेव्हा घेणे हातात आलेले असते. आधी मिळकत किती, वाटा किती हे तिच्यासमोर मांडावे. तिच्या नावाची नोंद व्हावी. नंतर तिला द्यावेसे वाटले तर ती देईल, नाही वाटले तर तिच्या माहेरपणात काही उणे पडू नये. एवढे झाले तर तो व्यवहार केवळ 'करेक्ट' राहणार नाही, 'राइट' होईल.

मुलांचा इंग्रजीचा अभ्यास घेताना 'राइट'चे अर्थ आपण त्यांना जरूर सांगू. उजवा हात दाखवू, काटकोन काढून देऊ. हक्क या अर्थाचे उदाहरण विचारले, तर त्यांच्या फुफीच्या वाट्याचे देता यावे, अशी व्यवस्था मात्र आपल्याला आधी घरात करावी लागेल.