जालन्याची सीडी आणि टेक्नॉलॉजी लॉ

छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीवरच्या दुकानात चोरी झाली की मालक सीसीटीव्हीचं फुटेज पेनड्राइव्हवर काढून देतो आणि निर्धास्त होतो. लॉच्या मुलांचा खरा पेपर इथूनच सुरू होतो!

नमुना शेजारच्या जालन्याचाच. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी जिंकले, कैलास गोरंट्याल हरले. खोतकरांचा अर्ज दुपारी तीनच्या आत आला होता का? निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्याची सीडी होती; तिच्यासोबत लागणारं अस्सलपणाचं प्रमाणपत्र मात्र मागूनही अधिकारी देईनात. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने खोतकरांचं अपील फेटाळलं. अधिकाऱ्यांनीच नकार दिल्याने इथे प्रमाणपत्राविना चाललं; एरवी मात्र मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-बचं प्रमाणपत्र हवंच, हेही बजावलं.

१ जुलै २०२४पासून हे कलम नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ६३ झालं. प्रमाणपत्रात आता तज्ज्ञाची सही आणि फाइलचा डिजिटल ठसा, म्हणजे हॅश व्हॅल्यूही लागते.

टेक्नॉलॉजी लॉ म्हणजे असेच प्रश्न; ते खोलात शिकायचे तर ऑनर्सचा विचार करावा. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांनुसार एलएलबी ऑनर्सला आठ जादा पेपर असतात. आठही एकाच गटातले घेतले तर त्या विषयाचं स्पेशलायझेशन. तेव्हा कॉलेजच्या जाहिरातीपेक्षा पेपरांची यादी आधी बघावी. यादी कळली नाही, तर खुशाल विचारा.