एक कोंबडा तीनदा विकला जातो



बाजारात एक कोंबडा एकदाच विकला जातो, हे तुम्ही जाणताच. पण एका दुपारी तोच कोंबडा तीनदा विकला गेलेला मी पाहिला. विकणारा लबाड नव्हता आणि घेणारे खुळे नव्हते. ती हकिकत आज सांगतो, कारण ती आपल्या गावकामाला उपयोगी पडणारी आहे.

दोडामार्ग तालुक्यातील काही बागायतदारांना घेऊन मी जानेवारी महिन्यात केरळात कोट्टायमला गेलो होतो. रबर बोर्डाचे मुख्य कार्यालय तिथेच आहे. चीक काढणे, त्याचे शीट करणे, ते धुरावर वाळवणे, हे सारे शनिवारपर्यंत पाहून झाले. रविवारी काम बंद. आमच्या बरोबरचे एक बागायतदार मूळचे त्याच भागातले, दोडामार्गात येऊन स्थायिक झालेले. ते म्हणाले, "साहेब, जवळच माझ्या मामांचं गाव आहे. आज तिथल्या चर्चमध्ये आद्यफल पेरुन्नाळ आहे. चला."

पेरुन्नाळ म्हणजे सण. आद्यफल शब्द तर आपलाच. शेतातले पहिले फळ देवाला द्यावे, असे बायबलच्या जुन्या करारात सांगितले आहे. आपण नव्याला भाताची लोंबी दाराला बांधतो, त्यातलाच हा भाव. फरक एवढाच की तिथे आणलेल्या मालाचा लिलाव होतो आणि पैसा गावाच्या कामाला लागतो.

अंगणातला बाजार

चर्चच्या अंगणात मांडव होता. बायकांनी अप्पम आणि उकडलेला टॅपिओका, त्याबरोबर मासळीची आमटी विकायला मांडली होती. एका बाजूला घरोघरचा माल येत होता. नेंद्रन केळीचे घड, हातात न मावणारे सुरण, नारळ, आले, ओल्या मिरीचे घोस, अननस, लोणच्याच्या बरण्या. एक तांबडा कोंबडा पाय बांधून ठेवला होता. एका म्हाताऱ्या बाईने केळीच्या पानात सहा अंडी आणली. दोन तरुण वही घेऊन बसले होते. सुरणाची नोंद जशी झाली, तशीच त्या सहा अंड्यांचीही झाली.

दुपारी लिलाव सुरू झाला. त्याला मल्याळममध्ये ‘लेलम’ म्हणतात. आपला ‘लिलाव’ आणि त्यांचा ‘लेलम’ हे दोन्ही पोर्तुगीज भाषेतून आलेले सख्खे भाऊ. ‘ओरु तरम, रंडु तरम, मून्नु तरम’ अशी हाळी कानावर पडली, तेव्हा ‘एक वार, दोन वार, तीन वार’ हे आमच्या मंडळींनी न सांगता ओळखले.

कोंबडा सहाशेला गेला. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि कोंबडा पुन्हा टेबलावर ठेवला, "परत विका" म्हणून. दुसऱ्याने आठशेला घेतला आणि त्यानेही परत दिला. तिसऱ्याने अकराशेला घेतला आणि घरी नेला. माझ्या शेजारचा आमचा बागायतदार हळूच म्हणाला, "सायबानू, एका कोंब्याक इतके पैशे?" मी बोटांवर हिशेब केला. पाचशेचा कोंबडा, जमले अडीच हजार. पण हा कोंबड्याचा भाव नव्हता. वर्गणी मागायला कोणी दारात आले असते, तर याच लोकांनी शंभराची नोट काढून वाट लावली असती. इथे हसत, थट्टा करत, चढाओढीने दिले. बोली लावणाऱ्यांत शेजारचे हिंदूही होते.

अंड्यांची पाळी आली, तेव्हाही तशीच जोरात हाळी दिली गेली. म्हातारी पुढच्या बाकावर ताठ बसून ऐकत होती.

मूठभर तांदूळ

या भागात ही रीत जुनी आहे. कोट्टायमजवळ मान्नानम येथे कुरियाकोस एलियास चावरा (१८०५–१८७१) या धर्मगुरूंनी १८४६ साली संस्कृत शाळा काढली. पुढे १८६४ मध्ये त्यांनी प्रत्येक चर्चने शाळा काढावी असा आग्रह धरला. गरीब मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी ‘पिडियरी’ची प्रथा त्यांच्या नावाने सांगतात. पिडि म्हणजे मूठ, अरि म्हणजे तांदूळ. बाईने रोज रांधताना एक मूठ बाजूला ठेवायची. आपल्याकडेही कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतली मुले शेतकऱ्यांनी दिलेल्या धान्यावर शिकली. म्हणजे देण्याची वृत्ती आपल्याला परकी नाही.

मग आपले कोठे अडते? ते मला संध्याकाळी कळले.

हिशेब

दिवेलागणीला वहीवाल्या तरुणाने उभे राहून सारी यादी वाचली. वस्तू कोणी दिली, किती वेळा विकली, किती आले, कोणाकडून येणे आहे. गावातल्या एका कुटुंबाचे अर्धवट राहिलेले घर पुरे करायचे होते, तेही सांगितले. यादीत सहा अंडीही होती. म्हातारीने मान हलवली आणि मगच ती घरी निघाली.

मला त्या वेळी माझीच एक चूक आठवली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका गावी शाळेच्या पत्र्यांसाठी मी वर्गणी जमवली होती. पावतीपुस्तक माझ्या हातात होते. पैसे जमले, पत्रे बसले, एक पैही इकडची तिकडे झाली नाही. पण हिशेब मी चारचौघांत वाचला नाही. तेवढ्यात माझी बदली झाली. पुढे त्या गावी गेलो, तर अंडी विकून दहा रुपये देणाऱ्या एका आजींनी विचारले, "साहेब, माझ्या पैशाचं काय झालं?" पत्रे समोर दिसत होते, तरी त्यांनी विचारले. त्यानंतर त्या गावात कोणत्याही कामाला वर्गणी निघाली नाही. तो दोष आजींचा नव्हे, माझा.

तुम्ही काय करावे?

शाळा, पाणवठा, वाचनालय, असे काही काम तुमच्या गावी अडले असेल, तर यात्रेच्या दिवशी हा प्रयोग करून पाहा.

१. काम एकच ठरवा आणि आधी जाहीर करा.

२. पैशाऐवजी घरचा माल मागा. भोपळा, शेंगा, गूळ, काहीही. छोटी वस्तू परत पाठवू नका.

३. नोंद दोघांनी करावी, एकाने नव्हे.

४. उधारीला मुदत द्या आणि ती सर्वांसमोर सांगा.

५. कर्ज काढून कोणी बोली लावू नये. चढाओढ पेटली, तर हाळी देणाऱ्याने तिथेच थांबवावी.

६. हिशेब त्याच दिवशी, दिवे लागायच्या आत, मोठ्याने वाचा.

पहिली पाच कलमे थोडी कमीजास्त झाली तरी चालेल. सहावे मात्र चुकवू नका. लोक पैसे एकदा देतात ते कामाकडे पाहून, पण दुसऱ्यांदा देतात ते हिशेब ऐकून.