वसंतातला बर्फ आणि घड्याळ

हिमलोट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भर हिवाळा उभा राहतो. घोंघावणारे वारे आणि हात दिसू नये अशी हिमवृष्टी. मार्च-एप्रिलच्या लख्ख उन्हात, निळ्याभोर आभाळाखाली स्कीवर निघालेला माणूस आपल्याला सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात त्याचा शत्रू म्हणजे तेच ऊन.

गुलमर्गचेच उदाहरण घेऊ. मुंबई-पुण्याची पुष्कळ मुले हल्ली तिथे स्कीइंग शिकायला जातात. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे; तिथून तारेवरचा पाळणा, म्हणजे गंडोला, अफरवटच्या खांद्यापर्यंत जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो. देखरेखीखालच्या पट्ट्याबाहेर गेले, की तिथे ज्याचा तो मुखत्यार. १ फेब्रुवारी २०२३ रोजी याच अफरवटवर दोन पोलिश स्कीपटू हिमलोटात दगावले. ती हिवाळ्यातली गोष्ट. वसंतातला लोट निराळ्या जातीचा असतो.

तो कसा, ते पाहा. एक ग्रॅम बर्फ एका अंशाने तापवायला अर्धा कॅलरी उष्णता पुरते. पण शून्य अंशावर आलेला तोच बर्फ वितळवायला ८० कॅलरी लागतात. त्यामुळे हिवाळाभर साठलेला थर हळूहळू शून्य अंशापर्यंत येतो आणि तिथेच रेंगाळतो. दिसायला तो पूर्वीसारखाच पांढरा, भक्कम. आत मात्र कणाकणांना जोडणारे सांधे पाझरू लागलेले असतात. पाणी खाली झिरपते, एखाद्या कठीण पापुद्र्यावर किंवा जमिनीवर अडते, आणि वरचा सगळा थर जणू शेवाळलेल्या फरशीवर उभा राहतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की एका माणसाचे वजनही त्याला पुरते. हिमलोटात सापडणाऱ्या बहुतेक स्कीपटूंच्या बाबतीत तो लोट त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यानेच सोडवलेला असतो.

मग वसंतात डोंगरावर जायचेच नाही की काय? तसे नव्हे. जाणकार स्कीपटू तर याच ऋतूची वाट पाहतात, कारण रात्री हा ओला बर्फ पुन्हा गोठतो. आपल्याकडे निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला विचारा: आभाळ निरभ्र असले की कडाका वाढतो, ढगांचे पांघरूण असले की रात्र उबदार जाते. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडते, आणि ढग ती अडवतात. बर्फाचेही तेच. चांदण्यांनी भरलेल्या रात्रीनंतर पहाटे बर्फावर दगडासारखे कवच असते. ढगाळ रात्रीनंतर ते धरतच नाही. म्हणून दिवस कसा उजाडला याआधी रात्र कशी गेली हे विचारावे. पहाटे काठी टेकून पाहावी. ती सहज आत गेली, तर खुशाल परत फिरून चहा प्यावा.

कवच पक्के असले तरी त्याला मुदत असते. पूर्वेकडचे उतार सकाळीच ढिले होतात, मग दक्षिणेकडचे, नंतर पश्चिमेकडचे. गुलमर्गकडे वळलेले अफरवटचे पुष्कळसे उतार पूर्वेकडे-ईशान्येकडे पाहतात, तेव्हा तिथे उन्हाचा पहिला मारा लवकर बसतो. (काश्मिरात सूर्य माथ्यावर येतो तो आपल्या घड्याळात साडेबाराच्या पुढे, ‘अजून बारा वाजले नाहीत’ या हिशेबाला अर्थ नाही. ऊन उतारावर केव्हा आले, तेवढेच मोजावे.) वरचे चार बोटे मऊ झाले की उतरण्याची उत्तम वेळ. पाय घोट्याच्या वर रुतू लागला, कड्यांखालून बर्फाचे गोळे आपोआप गडगडू लागले, की त्या उतारावरची वेळ संपली. त्याच्या पायथ्याशीसुद्धा थांबू नये.

एप्रिल लागला म्हणजे धोका सरला, असेही नाही. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर हिमलोटात सात पर्यटक मेले. ते स्कीवर नव्हते, इतकेच.

चंदीगडची डिफेन्स जिओइन्फर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट हिमलोटाचे इशारे देते. ते अवश्य पाहावेत. पण ते एकेका मोठ्या प्रदेशापुरते असतात, आपल्या पुढ्यातल्या उताराचा दहा वाजताचा हालहवाल त्यांत कुठून येणार?

आता शेवटची गोष्ट. ओला लोट कोरड्याहून संथ असतो, म्हणून त्याला कमी लेखतात. पण तो कितीतरी जड असतो आणि थांबताक्षणी सिमेंटसारखा आवळतो. गाडलेल्या माणसाला वाचवायला पहिली दहा-पंधरा मिनिटेच खरी. तेवढ्यात तळावरून कोणी पोचत नाही, आणि नुसत्या हातांनी तो बर्फ उकरता येत नाही. जागा सांगणारे संदेशयंत्र, टोचून पाहायची लांब काठी आणि धातूचे फावडे, तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत. आपल्या पाठीवरच्या फावड्याने सोबती वाचतो. आपण वाचायचे ते त्याच्या पाठीवरच्या फावड्याने.