फिरत्या घराने सोनारीला

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र असून, तेथे मोटारघराने, म्हणजे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनाने, पुण्याहून जाणाऱ्यांना टेंभुर्णी, कुर्डुवाडी व परंडा हा मार्ग सोयीचा पडतो. मात्र आतील रस्त्यांवर लोंबत्या तारा आणि फांद्या आडव्या येऊ शकतात, म्हणून वाहनाची उंची चालकाला तोंडपाठ हवी. चैत्रातील यात्रेच्या दिवसांत ऊन कडक असते, तेव्हा टायरमधील हवा पहाटे, टायर थंड असतानाच तपासावी, कारण तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसून फसगत होते. पाण्याची टाकी वाटेतच भरून घ्यावी. खरी दक्षता घ्यावी लागते ती माकडांची: देवळाभोवती त्यांचा मुक्त संचार असल्याने छतावरचा झरोका, उकाडा कितीही असला तरी, भक्कम जाळीवाचून उघडा ठेवू नये.